बत्तीशीरावांच्या पाच फेऱ्या

“मोटारसायकल चालवण्यात आहे काय एवढं? दोन चाकं, दोन हात आणि दोन पाय! ज्याला सहापर्यंत मोजता येतं त्याला मोटारसायकल येते!”

हे वाक्य बत्तीशीरावांनी गुरुवारी संध्याकाळी, इमारतीच्या अंगणात, सात-आठ शेजाऱ्यांसमोर उच्चारलं तेव्हा त्यांची नवीकोरी मोटारसायकल अजून स्टँडवरच होती. सीटवरचं प्लास्टिकसुद्धा निघालं नव्हतं. दुकानातल्या माणसानं ती चालवत आणून दिली होती आणि बत्तीशीराव त्याच्या मागे, त्याच्या खांद्यांना घट्ट धरून, बसून आले होते. पण मालकीची एक धुंदी असते. आता ते हँडलवर कोपर टेकवून असे उभे होते, की दोन-चार डोंगर ओलांडून जरा विसाव्याला थांबलेत असं वाटावं.

बत्तीशीराव हे काही त्यांचं खरं नाव नव्हे. ते कवळ्या बनवतात. इमारतीच्या तळमजल्यावर दोन खोल्यांत त्यांचा कारखाना आहे. पुढच्या खोलीत फळीवर प्लास्टरचे जबडे ओळीनं मांडलेले, मागच्या खोलीत मेणाचा वास आणि खिडकीपाशी कवळी घासून गुळगुळीत करायचं यंत्र. दंतवैद्य रुग्णाच्या तोंडाचा साचा पाठवतात, बत्तीशीराव त्यावरून दात उभे करतात. अठ्ठावीस वर्षं हेच काम! हात असा कसबी, की त्यांची कवळी लावून माणूस ऊस खाईल. त्यामुळे सगळी गल्ली त्यांना बत्तीशीराव म्हणे आणि त्यांनाही ते आवडे.

“हात आणि पाय एकदम चालवायची मला सवय आहे,” ते शेजाऱ्यांना सांगत होते. “माझं घासायचं यंत्र काय आहे? पायाखाली पेडल. दाबलं की फिरतं, पाय उचलला की जागच्या जागी थांबतं! हाताला केसाइतकाही धक्का नाही. मोटारसायकल म्हणजे तेच यंत्र, फक्त खाली चाकं लावलेली!”

शेजाऱ्यांनी माना डोलावल्या. मान डोलावली नाही ती फक्त त्यांच्या थोरल्या बहिणीनं.

ही ताई विजेचे मीटर वाचायच्या कामावर होती. बावीस वर्षं मोटारसायकलवरून गल्ल्या पालथ्या घालत होती, आणि या बावीस वर्षांत तिच्या गाडीचा आरसासुद्धा कधी फुटला नव्हता. ती भावाची नवी गाडी बघायला कामावरून परस्पर आली होती.

“धाकट्या,” ती म्हणाली, “रविवारी सकाळी सहाला मैदानात ये. पंधरा दिवस रस्त्यावर काढू नकोस. आणि आधी थांबायला शीक. चालायचं काय, ते गाडीला येतंच.”

“ताई, मी बेचाळीस व्हिडिओ बघितलेत.”

“त्यात थांबायचे किती?”

“थांबायचा व्हिडिओ कोण काढेल गं!” बत्तीशीराव हसले. शेजारीही हसले. त्यांना आणखी चेव आला. “तुझं वेगळं आहे. तू दर दहा पावलांवर थांबतेस, मीटर बघतेस, पुन्हा निघतेस. थांबणं हे तुझं कामच आहे. आम्हाला पुढे जायचं असतं!”

“बरं,” ताई म्हणाली आणि हेल्मेट घालून निघून गेली. तिला राग आला नव्हता. लहानपणी हाच भाऊ पोहायला शिकायच्या आधी विहिरीत उडी मारून बसला होता आणि तिनंच त्याला केस धरून वर काढलं होतं. त्यामुळे त्याच्या अशा बोलण्याची तिला सवय होती.

रविवारी सहाला ताई मैदानात जाऊन उभी राहिली. बत्तीशीराव गेलेच नाहीत! त्यांनी अंगणातच सराव केला. आता हे अंगण फाटकाकडून जिन्याकडे चांगलंच चढतं. बत्तीशीराव फाटकापाशी गाडी सुरू करायचे, पहिला गिअर टाकायचे आणि जिन्याच्या दिशेनं निघायचे. त्यांचा उजवा पाय अठ्ठावीस वर्षांच्या सवयीनं पेडल शोधायचा आणि त्याला ब्रेकचं पेडल सापडायचं. त्यावर तो आरामात विसावायचा. जिना जवळ आला की बत्तीशीराव रेस सोडायचे, पाय उचलायचे, आणि गाडी एक आचका देऊन बंद पडायची.

“पाय उचलला की थांबते! अगदी माझ्या यंत्रासारखी!” त्यांनी जिन्यात उभ्या असलेल्या बायकोला आनंदानं सांगितलं.

वाचकहो, गाडी थांबवत होता तो चढ. पण चढाला तोंड नसतं, त्यामुळे त्याचं श्रेय बत्तीशीरावांनी घेतलं. गाडी ढकलत पुन्हा फाटकाशी आणायची आणि पुन्हा जिन्यापर्यंत जायचं, असं चार वेळा झालं. चौथ्या वेळी त्यांनी जाहीर केलं की शिक्षण पूर्ण झालं.

सोमवारी सकाळी सव्वादहाला फोन वाजला. दंतवैद्य डॉक्टरीणबाई बोलत होत्या.

“मुख्याध्यापिकाबाईंची कवळी तयार आहे ना?”

“शेवटची चकाकी देतोय. दहा मिनिटं!”

“मी शाळेतच आहे. बाईंच्या सत्काराला सगळ्या जुन्या विद्यार्थिनी जमल्यात. अकराला बाई बोलायला उभ्या राहणार. त्यांची जुनी कवळी फुटलीय, त्यामुळे कालपासून त्या कोणाशी बोलल्याच नाहीत. तोंडावर रुमाल धरून कोपऱ्यात बसल्यात बिचाऱ्या. तुम्ही आणून द्या, मी मागच्या खोलीत बसवून देते. आणि हे बघा, स्पष्टच सांगते. मागच्या महिन्यात तुमच्याकडून दोनदा उशीर झाला. आज तिसऱ्यांदा झाला, तर पुढची कामं मी दुसरीकडे देणार.”

फोन ठेवून बत्तीशीरावांनी जबड्यांच्या ओळीकडे बघितलं. त्यांच्या फळीवरच्या दहा जबड्यांपैकी सात या डॉक्टरीणबाईंचे असत. ते गेले तर कारखान्यात उरणार काय? यंत्र, मेणाचा वास आणि ते स्वतः!

त्यांनी कवळी धुतली. वरची पट्टी, खालची पट्टी, दोन्ही ओल्या कापसात गुंडाळून डबीत ठेवल्या आणि डबी शर्टाच्या खिशात. मग हेल्मेट उचललं.

“अहो, बसनं जा,” बायको म्हणाली. “साडेदहाची बस आहे, वीस मिनिटांत शाळेच्या दारात सोडते.”

“दारात मोटारसायकल उभी असताना मी बसची वाट बघू? लोक काय म्हणतील?”

“लोक काही म्हणत नाहीत. लोक बसमध्येच असतात.”

“तीन किलोमीटर तर आहे!”

“आणि वाटेत उतार आहे.”

“मग तर पेट्रोलही कमी लागेल!” असं म्हणून बत्तीशीरावांनी गाडी सुरू केली. फाटकातून बाहेर पडताना त्यांनी हात हलवायचा विचार केला होता, पण दोन्ही हात गुंतले असल्यामुळे नुसतीच मान हलवली. बायकोनं आत येऊन फोन उचलला.

“वन्सं, हे निघाले हो! गाडी घेऊन! चौकाच्या बाजूनं! अकराच्या भाषणाआधी शाळेत बाईंची कवळी पोचवायचीय!”

गल्ली संपेपर्यंत सगळं झकास चाललं होतं. पहिल्या गिअरमध्ये इंजिन किंचाळत होतं, पण वेग जेमतेम सायकलचा होता. खरं तर एक सायकलवाला त्यांना मागे टाकून गेला. जाता जाता ओरडला, “काका, ब्रेकवरचा पाय काढा, मागचा लाल दिवा सारखा जळतोय!”

“आभारी आहे!” बत्तीशीराव म्हणाले आणि पाय तिथेच ठेवला. रस्त्यावर चालता चालता सल्ले देणाऱ्यांबद्दल त्यांचं मत चांगलं नव्हतं. एका बाईनं रिक्षातून डोकं काढून “स्टँड! स्टँड!” असं सांगितलं. त्यांना वाटलं, ती स्टँडचा पत्ता विचारतेय. त्यांनी मानेनंच उजवीकडे दाखवला.

मग उतार लागला. उताराच्या पायथ्याशी मोठा चौक होता, मध्ये गोल बाग आणि बागेभोवती फिरणारी वाहनं. चौकाच्या तोंडाशी वाहतूक हवालदार उभा होता. त्यानं बत्तीशीरावांकडे बघून हात वर केला. थांबा!

बत्तीशीराव कायदा पाळणारे गृहस्थ. त्यांनी ताबडतोब थांबायचं ठरवलं आणि पाय उचलला.

इतका वेळ त्या पायाखाली दबलेल्या ब्रेकनं गाडी कशीबशी धरून ठेवली होती. पाय उचलल्याबरोबर गाडी सुटली! बत्तीशीराव घाबरले. घाबरल्यावर माणूस हातात असेल ते घट्ट आवळतो. त्यांच्या हातात होती रेसची मूठ. गाडीनं उडी घेतली, हवालदाराच्या उंचावलेल्या हाताखालून बत्तीशीराव सटकले आणि बागेभोवतीच्या गर्दीत सामील झाले.

पहिली फेरी ही अशी झाली. शाळेचा रस्ता समोर आला, पण तिकडे वळायचं तर वेग कमी करायला हवा. वेग कमी करायला त्यांनी पाय आणखी उंच उचलला. रस्ता मागे पडला.

दुसऱ्या फेरीला हवालदारानं शिट्टी फुंकली. “ए! थांब!”

“थांबतोच आहे!” बत्तीशीराव ओरडले आणि डावा पायही उचलला.

तिसऱ्या फेरीला डेअरीवाला दुकानातून बाहेर येऊन बघू लागला. त्याच्या शेजारी एक म्हातारे निवृत्त कंपाउंडर आणि भाजीची पिशवी घेतलेल्या एक काकू उभ्या राहिल्या. दोन्ही पाय हवेत ताठ धरलेला माणूस किंचाळत्या मोटारसायकलवरून बागेला प्रदक्षिणा घालतोय, हे दृश्य काही रोज बघायला मिळत नाही.

“कसली स्पर्धा आहे का हो?” काकूंनी विचारलं.

“सर्कशीची जाहिरात असेल,” डेअरीवाला म्हणाला.

चौथ्या फेरीपर्यंत बत्तीशीरावांच्या कानात वारं शिरलं होतं आणि डोक्यातून सगळी हुशारी बाहेर पडली होती. बेचाळीस व्हिडिओंपैकी एकही आठवेना! त्यांना फक्त डॉक्टरीणबाईंचा आवाज ऐकू येत होता. “दुसरीकडे देणार!” आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी आपण होऊन सल्ला मागितला.

“काय करू?” ते डेअरीसमोरून जाताना ओरडले.

“ब्रेक!” डेअरीवाला.

“रेस सोडा!” कंपाउंडर.

“स्टँड वर घ्या!” काकू.

“मैदानात जा!” हवालदार.

इतके सल्ले एकदम! बत्तीशीरावांनी पाचव्या फेरीत सगळे पाळायचं ठरवलं. स्टँडकडे बघायला मान खाली घातली, ब्रेक शोधायला पाय चाचपडला, आणि रेस सोडायची तर हँडलच सोडलं. डेअरीच्या शेजारी एक इमारत बांधली जात होती आणि तिच्यासमोर वाळूचा ढीग होता. मोटारसायकल त्या ढिगात चाकापर्यंत रुतली आणि घर्र करून बंद पडली. बत्तीशीराव हळुवारपणे, पोत्यातून बटाटे ओतावेत तसे, वाळूत ओतले गेले.

त्यांना काहीही लागलं नव्हतं. नखालाही धक्का नाही! पण खिशातली डबी उडाली, उघडली आणि वरची पट्टी थेट डेअरीच्या पायरीवर जाऊन पडली. पांढरेशुभ्र, घासून चकाकवलेले चौदा दात तिथून सगळ्यांकडे बघून हसत होते.

काकूंनी किंकाळी फोडली. “अगं बाई! दात पडले! सगळेच्या सगळे!”

“हिरडीसकट आलेत!” डेअरीवाला पांढरा पडला.

“गर्दी करू नका! बाजूला व्हा!” कंपाउंडर पुढे सरसावले. निवृत्त होऊन नऊ वर्षं झाली होती आणि या नऊ वर्षांत त्यांना अशी संधी मिळाली नव्हती. “पडलेला दात दुधात ठेवायचा असतो. अर्ध्या तासात पुन्हा बसतो. दूध आणा!”

“साधं तापत ठेवलंय. थंड आहे ते साखर घातलेलं,” डेअरीवाला म्हणाला.

“दूध ते दूध! आणा लवकर!”

बत्तीशीराव वाळूतून डोकं वर काढत म्हणाले, “अहो, ते दात माझे…”

“तुमचेच आहेत, तुमचेच! कोणी नेत नाही!” कंपाउंडरांनी त्यांची हनुवटी दाबून तोंड मिटवलं. “एक शब्द बोलायचा नाही! रक्तस्राव होईल!”

“हेल्मेट काढा आधी,” काकू म्हणाल्या.

“हेल्मेट काढायचं नसतं! मान हलता कामा नये! टॉवेल आहे का कोणाकडे?”

डेअरीवाल्यानं खांद्यावरचा टॉवेल दिला. कंपाउंडरांनी तो बत्तीशीरावांच्या हनुवटीखालून घेऊन हेल्मेटवरून डोक्यावर घट्ट बांधला आणि वर चांगली गाठ मारली. आता बत्तीशीरावांना फक्त नाकातून हुंकार काढता येत होता. त्यांनी ओठ फाकवून आपले स्वतःचे सगळे दात दाखवायचा प्रयत्न केला.

“हसतोय बिचारा,” काकूंचे डोळे भरून आले. “धक्का बसलाय त्याला. अजून कळलं नाही काय झालंय ते.”

बत्तीशीरावांनी मनगटावरचं घड्याळ दाखवलं. अकराला दहा कमी होते!

“वेळ विचारतोय,” डेअरीवाला हळूच म्हणाला.

“तुम्हाला भरपूर वेळ आहे, दादा!” कंपाउंडरांनी त्यांना थोपटलं. “मनात भलतंसलतं आणू नका!”

तेवढ्यात काकूंना वाळूत काहीतरी दिसलं. त्यांनी वाकून उचललं, आणि खालची पट्टी त्यांच्या तळहातावर आली. “खालचेही गेले हो!” त्या मटकन पायरीवर बसल्या. डेअरीवाल्यानं तीही पट्टी दुधाच्या पेल्यात सोडली. दोन्ही पट्ट्या पेल्यात एकावर एक बसल्या आणि तो पेला एखाद्या समाधानी माणसासारखा दिसू लागला. बत्तीशीरावांना ते बघवेना.

त्यांना खरंच रडू आलं. गाडी गेली तर जाऊ दे, पण तिकडे एक म्हातारी बाई तोंडावर रुमाल धरून त्यांची वाट बघत होती आणि त्यांच्या हातची ती कवळी इथे साखरेच्या दुधात पोहत होती. त्यांनी उठायचा प्रयत्न केला. चार जणांनी दाबून परत निजवलं.

“इस्पितळात न्यायला हवं,” कंपाउंडर म्हणाले.

“आधी जबाब!” हवालदार येऊन पोचला होता. “पाच फेऱ्या! मी मोजल्यात. परवाना आहे का?”

बत्तीशीरावांनी खिशातून शिकाऊ परवाना काढून दिला.

याच वेळी एक मोटारसायकल उतारावरून सावकाश खाली आली. चौकात तिनं इंडिकेटर दिला, बागेला बरोबर अर्धा वळसा घातला आणि डेअरीच्या पायरीपासून वीतभर अंतरावर आवाज न करता उभी राहिली. ताईनं स्टँड लावला, हेल्मेट काढलं आणि वाळूत पडलेल्या भावाकडे, त्याच्या डोक्यावरच्या गाठीकडे आणि कंपाउंडरांच्या हातातल्या पेल्याकडे बघितलं.

“हा माझा भाऊ,” ती म्हणाली. “हे दात त्याचे नाहीत.”

सगळे पुन्हा पेल्याकडे बघू लागले.

“मग कोणाचे?” हवालदारानं विचारलं.

“एका बाईंचे.”

“म्हणजे मागे कोणी बसलं होतं!” काकू ताडकन उठल्या. “बाई वाळूत पुरल्या गेल्या! अहो, खणा! खणा लवकर!”

डेअरीवाल्यानं दुकानातून बादली आणली. दोन रस्त्यावरून जाणारे लोक हातांनीच वाळू उपसू लागले. हवालदारानं टोपी काढून बाजूला ठेवली आणि तोही वाकला. वाळूचा निम्मा ढीग रस्त्यावर पसरला तरी ताईचं ओरडणं कोणाला ऐकू जाईना. शेवटी तिनं हवालदाराच्याच गळ्यातली शिट्टी उचलून जोरात फुंकली.

“बाई शाळेत आहेत! स्टेजवर! अकराला त्यांना भाषण करायचंय!”

“दातांशिवाय?” कंपाउंडरांनी विचारलं.

“म्हणून तर घाई आहे!”

तिनं टॉवेलची गाठ सोडली. बत्तीशीरावांनी तोंड उघडलं आणि गेल्या पंधरा मिनिटांत साठलेलं सगळं एकदम बाहेर आलं. “माझी कवळी! म्हणजे त्यांची! मी बनवलेली! पेला द्या!”

कंपाउंडर मात्र त्यांच्या तोंडात वाकून बघत राहिले. “वा! एवढ्यात नवीन बसवले?” ते कौतुकानं म्हणाले. त्यांना समजावत बसायला वेळ नव्हता.

हवालदारानं वाळूत रुतलेल्या गाडीची किल्ली काढली, बत्तीशीरावांचा पुढे आलेला हात ओलांडला आणि ती ताईच्या हातावर ठेवली. “गाडी मी इथे सावलीत लावून ठेवतो. यांना थांबता यायला लागलं की किल्ली द्या.”

बत्तीशीराव पेला छातीशी धरून ताईच्या मागे बसले. ताई ना जोरात गेली ना हळू. जिथे थांबायचं तिथे थांबली, जिथे निघायचं तिथे निघाली, आणि पेल्यातलं दूध एकदासुद्धा हिंदकळलं नाही. त्यापेक्षा तिनं शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं.

“ताई,” दुसऱ्या सिग्नलला ते म्हणाले.

“हं.”

“मला थांबताच येत नव्हतं गं.”

ताईचे खांदे गदगदू लागले. आधी त्यांना वाटलं रडतेय. मग कळलं, ती बावीस वर्षांचं तोल सांभाळायचं कसब पणाला लावून हसत होती.

शाळेच्या मागच्या खोलीत ते पोचले तेव्हा अकरा वाजून पाच मिनिटं झाली होती. नशिबानं स्टेजवर पाहुण्यांची ओळख करून देणारे गृहस्थ अजून स्वतःचीच ओळख करून देत होते. मुख्याध्यापिकाबाई रुमाल तोंडावर धरून खुर्चीत बसल्या होत्या. डॉक्टरीणबाईंनी पेला बघितला, बत्तीशीरावांच्या कपड्यांवरची वाळू बघितली, आणि काही न विचारता कवळी नळाखाली धरली. वर एक, खाली एक. टक्, टक्.

बाईंनी ओठ मिटले, उघडले. जीभ फिरवली. मग सावकाश, सुस्पष्ट म्हणाल्या, “बसलीय छान. पण ही गोड का लागतेय?”

त्यांना उत्तर मिळायच्या आत स्टेजवरून त्यांचं नाव पुकारलं गेलं आणि त्या उठून गेल्या.

“आता सांगा,” डॉक्टरीणबाई वळल्या. “उशीर का झाला?”

बत्तीशीरावांच्या जिभेवर उत्तर तयार होतं. रस्ता खणला होता. एका माणसाला अपघात झाला होता, त्याला मदत करत होतो. हे दुसरं तर अगदी खरं वाटलं असतं! पण दाराशी ताई किल्ली हातात घेऊन उभी होती, आणि स्टेजच्या पडद्यापलीकडे बाईंनी बोलायला सुरुवात केली होती. एकेक अक्षर घंटेसारखं स्वच्छ येत होतं. काल तोंडातून शब्द न काढणारी बाई भरल्या सभागृहाशी बोलत होती.

“मला गाडी थांबवता येत नाही,” ते म्हणाले. “सांगितलं होतं हिनं. घरातूनही सांगितलं होतं. सायकलवाल्यानंसुद्धा सांगितलं होतं. मी कोणाचं ऐकलं नाही. कवळी रस्त्यावर पडली. मग दुधात पडली. तुम्ही काम दुसरीकडे दिलंत तरी माझं काही म्हणणं नाही.”

डॉक्टरीणबाईंनी पडद्याकडे कान दिला. बाई भराभर बोलत होत्या आणि सभागृह हसत होतं.

“रस्त्यावर पडूनही एक चरा नाही,” त्या म्हणाल्या. “असं काम मला दुसरीकडे कुठे मिळणार? काम तुम्हालाच देईन. पण एका अटीवर. कवळी तुम्ही बनवायची. आणून मात्र या देतील.” आणि त्यांनी ताईकडे बोट दाखवलं.

“माझी मीटरची फेरी इकडेच असते,” ताई म्हणाली. “देईन की.”

“चालेल,” बत्तीशीराव म्हणाले. हा शब्द त्यांच्या तोंडून इतक्या सहज निघालेला ताईनं कधी ऐकला नव्हता.

पुढच्या रविवारी सकाळी सहाला मैदानात धुकं होतं. बत्तीशीराव साडेपाचपासून तिथे उभे होते. ताईनं किल्ली दिली, मागून चालत राहिली आणि दर वीस पावलांवर “थांब!” म्हणत राहिली. बत्तीशीराव थांबत होते. कधी आचका देऊन, कधी तिरके, एकदा तर पूर्ण आडवे. पण थांबत होते! त्या सकाळी त्यांनी एकूण त्रेसष्ट वेळा थांबून दाखवलं.

सात वाजता मैदानाच्या कडेनं निवृत्त कंपाउंडर फिरायला निघाले. त्यांनी बत्तीशीरावांना लगेच ओळखलं आणि हात उंचावून मोठ्यांदा विचारलं, “काय दादा! दात बसले का नीट?”

मैदानात व्यायाम करणारे सगळे लोक वळून बघू लागले.

“दात बसले हो!” ताईनंच उत्तर दिलं. “आता डोकं बसवायचं चाललंय!”

बत्तीशीराव त्यांच्यासमोरून पहिल्या गिअरमध्ये, दोन्ही पाय जागच्या जागी ठेवून, सावकाश गेले. हे दात जन्मापासून माझेच आहेत, हे त्यांना त्या माणसाला एकदाचं ओरडून सांगायचं होतं. पण त्यांनी तोंड उघडलं नाही. गाडी चालवताना बोलायचं नाही, असं ताईनं सांगितलं होतं.